पांढरे डाग, क्रीम आणि लाइट ट्रीटमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या बहिणीला कोड आहे. तिच्यासोबत स्किन ओपीडीत आणि लाइटच्या रूमबाहेरच्या बाकावर बरंच बसणं झालंय, आणि तिथे माणसं एकमेकांना जे प्रश्न विचारत असतात तेच इथे घेतलेत. उत्तरं डॉक्टरांना विचारून आणि नंतर वाचून लिहिलीयत. लिहायचं मुख्य कारण एकच, तिथे आलेली बरीच माणसं दोन-अडीच महिन्यांत यायची बंद होतात, आणि ट्रीटमेंट नेमकी तेव्हा कुठे कामाला लागलेली असते. डोस आणि औषध मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, इथलं वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका.

पांढरा डाग दिसला म्हणजे कोडच का?

नाही हो. लहान मुलांच्या गालावर फिकट, जरा खरखरीत चट्टे येतात आणि घरचे लगेच जंताचं औषध देतात, ते बहुतेक वेळा साधं कोरड्या स्किनचं असतं, मॉइश्चरायझरने हळूहळू जातं. घामाच्या दिवसांत पाठीवर-छातीवर येतात ती शिबं, ते फंगल आहे. महारोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, पूर्ण पांढरा नसतो, आणि तिथे बधिरपणा येतो, गरम-गार नीट कळत नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, पण कातडी मऊ, नेहमीसारखी, आणि स्पर्श अगदी व्यवस्थित कळतो. डॉक्टर खोलीतले दिवे बंद करून वुड्स लॅम्प, म्हणजे एक अल्ट्राव्हायोलेट दिवा, धरतात, त्यात कोडाचा डाग निळसर-पांढरा चमकतो, साध्या डोळ्यांना न दिसलेले छोटे डागही दिसतात. गोऱ्या माणसांत तर ही टेस्ट हवीच.

हे लागतं का? एका ताटात जेवलं तर?

नाही. ताट, टॉवेल, पाणी, मिठी, संसार, कशानेच लागत नाही. आपल्याच शरीराची इम्युनिटी रंग बनवणाऱ्या पेशींवर म्हणजे मेलॅनोसाइट्सवर हल्ला करते, त्यात दुसऱ्याला लागण्यासारखं काही नाहीच. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना हे असतं, म्हणजे तुमच्या सोसायटीत कुणाला तरी असणार. घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण कोड असलेल्या बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणालाच नसतं. थायरॉइडचा त्रास सोबत असू शकतो, म्हणून डॉक्टर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगतात, ती टेस्ट टाळू नका.

दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होतं म्हणतात, आंबट बंद करू का?

दूध-मासे, लिंबू, चिंच, दही, यातल्या कशानेही कोड होतं किंवा वाढतं असा पुरावा नाही. बाकावर एक मुलगी भेटली होती, कॉलेजला जाणारी, तिने दोन वर्षं टोमॅटोसुद्धा खाल्ला नव्हता. इतकं वाईट वाटलं मला. आधीच माणूस त्रासात, त्यात ताटातलं सगळं काढून घ्यायचं आणि डाग वाढला की परत त्यालाच म्हणायचं तूच काहीतरी खाल्लं असशील. व्यवस्थित जेवा, एवढंच.

मग टाळायचं काय?

घासणं आणि इजा. कोड वाढत्या स्टेजमध्ये असेल तर जिथे खरचटतं, घासतं, भाजतं तिथे नवा डाग येऊ शकतो, याला कोबनर म्हणतात. परकराची नाडी कमरेला करकचून बांधलेली असते तिथे रेषेसारखा डाग येतो, चपलेच्या पट्ट्याखाली येतो, घड्याळाच्या पट्ट्याखाली येतो. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक किंवा सैल गाठ, हे छोटं वाटतं पण करा.

आणि टिकली! चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात काही वेळा असं केमिकल असतं जे रंगपेशींनाच मारतं, त्यामुळे कपाळावर बरोब्बर टिकलीच्या आकाराचा पांढरा गोल येतो. रबरी चपला, आळता, केसांचा डाय, यानेही होऊ शकतं. असा डाग दिसला तर ती वस्तू त्याच दिवशी बंद करायची, कारण ती वापरणं चालू ठेवून वरून कितीही क्रीम लावलं तरी उपयोग नाही. कधीकधी डाग संपर्क नसलेल्या जागीही पसरतात, त्यामुळे नुसती टिकली काढून गप्प न बसता दाखवून घ्या.

क्रीम कोणती देतात?

मुख्य दोन प्रकार. पहिलं स्टिरॉइड क्रीम, मोमेटासोन वगैरे, हात-पाय-पोट-पाठ इथे. हे चांगलं काम करतं पण मोजून, काही आठवडे लावायचं मग थांबायचं किंवा एक आठवडा लावा एक आठवडा सोडा असं. सलग महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मांडीत-काखेत स्ट्रेच मार्क येतात, चेहऱ्यावर लव वाढते, पुरळ येतं. आपल्याकडे स्टिरॉइडची ट्यूब मेडिकलवाल्याकडून कशीही आणायची सवय इतकी मुरलीय की सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड क्रीम प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाहीत असं केलं. तरी शेजारणीने दिलेली ट्यूब लावून आलेली माणसं ओपीडीत दिसतातच.

दुसरं टॅक्रोलिमस, मलम ०.०३ टक्के आणि ०.१ टक्के असं मिळतं. चेहरा, पापण्या, मान, काख, जांघ अशा नाजूक जागी हेच देतात कारण याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस लावल्यावर चुणचुणतं, गरम वाटतं. ती अॅलर्जी समजून लोक बंद करतात, तसं करू नका, बहुतेकांचं थोड्या दिवसांत थांबतं. पाकिटातल्या कागदावर कॅन्सरचा इशारा असतो तो वाचून तर घरात मीटिंगच बसते. तो इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००६ मध्ये घालायला लावला होता, त्यानंतर एक्झिमासाठी हे मलम लावलेल्या जवळपास ८,००० मुलांवर १० वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं आणि त्यांच्यात कॅन्सर जास्त झाल्याचं दिसलं नाही. मनात शंका असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, पण कागद वाचून परस्पर बंद नको.

अमेरिकेत नवीन क्रीम आलंय म्हणे, भावाला आणायला सांगू?

ते रुक्सोलिटिनिब, १.५ टक्के. कोडात परत रंग आणण्यासाठी एफडीएने मान्य केलेलं पहिलं औषध, जुलै २०२२, वय १२ आणि वर. इम्युनिटीच्या ज्या सिग्नलमुळे पेशी मरतात तो सिग्नलच, म्हणजे जॅक नावाची एन्झाइम्स, ते अडवतं. चाचण्यांमध्ये दिवसातून दोनदा २४ आठवडे लावल्यावर साधारण ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पाऊणपट भरले, नुसतं औषधाविना क्रीम लावणाऱ्यांत हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे चांगलं आहे, जादू नाही. अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त भागावर लावायचं नाही, आणि इन्शुरन्स नसेल तर भयंकर महाग. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या डर्मेटॉलॉजिस्टला जरूर विचारावं. सुटकेसमधून ट्यूब मागवायचा विचार असेल तर आधी इथल्या डॉक्टरांना सांगा, कारण रक्ताच्या टेस्ट, दुसरी औषधं, टीबीची हिस्टरी हे त्यांना बघावं लागतं.

लाइट ट्रीटमेंट म्हणजे नक्की काय? लेसर का?

बहुतेक वेळा लेसर नाही. नॅरोबँड युव्हीबी म्हणतात ते, सूर्यप्रकाशातल्या अल्ट्राव्हायोलेटमधली फक्त ३११ ते ३१३ नॅनोमीटरची बारीकशी पट्टी. उभं राहायचं केबिन असतं, आतल्या भिंतींना माणसाच्या उंचीच्या ट्यूब लावलेल्या, डोळ्यांवर काळा गॉगल, पुरुषांनी गुप्तांग झाकायचं, दार लावलं की पंखा सुरू होतो, निळसर उजेड पडतो आणि सुरुवातीला तर काही सेकंदातच बंद होतो. पहिल्या दिवशी बहीण बाहेर येऊन म्हणाली, झालं पण? तर हो, झालं. दुखत नाही, सुई नाही.

हा उजेड दोन कामं करतो, हल्ला करणाऱ्या पेशींना तिथेच थंड करतो आणि केसांच्या मुळाशी ज्या रंगपेशींचं बी शिल्लक असतं त्यांना जागं करून वर आणतो. म्हणूनच रंग परत येताना डागाच्या मध्ये केसाभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागतात, मग ते मोठे होत एकमेकांना मिळतात. हे ठिपके बघून काहीजण घाबरतात की आता हे काय नवीन. हेच तर हवंय आपल्याला!

उजेडाने कातडी बरी करायची कल्पना जुनी आहे. आपल्याकडे बावची ही औषधी वनस्पती लावून उन्हात बसवायचे, इजिप्तमध्ये तशाच एका झाडाचा वापर होता आणि त्यातलं सोरॅलेन प्रकारचं, म्हणजे कातडीवर उजेडाचा परिणाम वाढवणारं, औषध घेऊन कैरोचे डॉक्टर एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात कोडावर नीट प्रयोग केले, त्यातून पुढे पुव्हा आलं, म्हणजे सोरॅलेनची गोळी किंवा लोशन आणि सोबत युव्हीए हा अल्ट्राव्हायोलेटचा दुसरा प्रकार. त्याच्या आधी १९०३ मध्ये नील्स फिन्सेनला कातडीच्या टीबीवरच्या प्रकाश उपचारासाठी नोबेल मिळालं होतं. कोडासाठी नॅरोबँडचा पहिला महत्त्वाचा अभ्यास १९९७ चा, अॅमस्टरडॅमच्या वेस्टरहोफ यांचा, आणि नॅरोबँडला गोळी लागत नाही, मळमळ नाही, नंतर दिवसभर गॉगल लावून फिरायचं नाही, म्हणून पुव्हा मागे पडलं.

एक्सायमर हे वेगळं मशीन, ३०८ नॅनोमीटर, फक्त डागावरच धरतात. दोन-चार छोटे डाग असतील, विशेषतः चेहऱ्यावर, तर ते चांगलं, चांगल्या स्किनला उगाच उजेड लागत नाही. अंगभर डाग असतील तर केबिनच.

किती वेळा जायचं आणि किती दिवस?

आठवड्यातून दोन किंवा तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. डोस साधारण २०० मिलीज्यूलपासून (उजेडाची मात्रा मोजायचं माप) सुरू करून दर वेळी १०-२० टक्के वाढवत नेतात, आणि दुसऱ्या दिवशी डाग हलका गुलाबी दिसून २४ तासांत विरला तर डोस बरोबर बसला असं समजतात. लालभडक झाला, आग झाली, फोड आला तर पुढच्या सेशनला आधी सांगायचं, त्या दिवशी उभं राहायचं नाही.

आता दिवस. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचं एकत्र गणित मांडलं गेलं, त्यात चांगला म्हणजे पाऊणपट किंवा जास्त रंग परत आलेले लोक ३ महिन्यांनी १३ टक्के, ६ महिन्यांनी १९ टक्के आणि वर्षाने ३६ टक्के होते. आकडे नीट बघा. तीन महिन्यांवर सोडलं तर तुम्ही त्या १३ मध्ये नसण्याचीच शक्यता जास्त, आणि वर्षभर टिकलात तर जवळपास तिप्पट चान्स. थोडाफार फरक मात्र ३ महिन्यांतच ६२ टक्के लोकांना दिसला होता, म्हणून ठिपके आले की ते यश समजा आणि चालू ठेवा. ४८ सेशनच्या आत फेल म्हणू नये असं तज्ज्ञ सांगतात, काहींना तर ७२ पर्यंत वाट बघावी लागते.

गणपतीला गावी जायचंय, सेशन बुडतील, चालेल का?

चालेल, पण परत आल्यावर टेक्निशियनला न विसरता सांगा किती गॅप पडली ते. आठवडाभराची असेल तर सहसा तोच डोस ठेवतात, त्याहून जास्त झाली तर कमी करतात, तीन आठवड्यांच्या वर गेली की पहिल्यापासून सुरू. न सांगता जुन्याच डोसवर उभं राहिलं की भाजतं. मे महिन्याच्या सुट्टीत हे फार होतं, त्यामुळे मुलांची ट्रीटमेंट सुरू करताना सुट्ट्यांचा विचार आधीच करून ठेवा.

हाताच्या बोटांवरचे डाग का जात नाहीत?

कारण तिथे केस नाहीत, म्हणजे मुळाशी राखीव रंगपेशी नाहीत. बोटांची टोकं, तळवे, पावलं, ओठ या सगळ्यात हट्टी जागा. मघाच्याच अभ्यासात चेहरा-मानेवर चांगला रिझल्ट ४४ टक्के लोकांना होता आणि हातापायांच्या पंजांवर शून्य. शून्य हे वाचायला त्रास होतो, पण हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं पाहिजे, नाहीतर माणूस चेहरा भरत असताना बोटांकडे बघून निराश होत बसतो. डागातले केस पांढरे झाले असतील तरी तिथे अवघड जातं, तेच कारण. अशा जागी, डाग वर्षभर स्थिर असेल, तर सर्जरी असते, आपल्याच चांगल्या स्किनमधून पेशी घेऊन डागावर बसवतात आणि नंतर परत लाइट देतात.

क्रीम आणि लाइट दोन्ही कशाला? एक पुरत नाही का?

दोन्ही मिळून जास्त काम होतं. ब्रिटनमध्ये ५१७ लोकांवर हाय-लाइट नावाची चाचणी झाली, घरी वापरायचं हातातलं छोटं नॅरोबँड मशीन आणि मोमेटासोन. ९ महिन्यांनी ज्यांना स्वतःला डाग खूप कमी जाणवायला लागले असे फक्त क्रीमवाल्यांत १७ टक्के, फक्त लाइटवाल्यांत २२, दोन्ही करणाऱ्यांत २७. उडी मोठी नाही हे खरंय, पण दिशा स्पष्ट आहे. क्रीम सेशनच्या आधी लावू नका, नंतर लावा. आधी तेल, पावडर, परफ्यूम काहीच नको, आणि घरी जाताना उघड्या भागावर सनस्क्रीन.

घरचं मशीन घेऊ का?

डाग थोडे असतील, दवाखाना लांब असेल आणि डॉक्टर डोसची वही बघायला तयार असतील तर विचार करण्यासारखं आहे. तालुक्याहून आठवड्यातून दोनदा एसटीने शहरात येणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते, त्यांच्यासाठी तर हे वरदान ठरू शकतं. पण ऑनलाइन मिळणारे काही स्वस्त दिवे नॅरोबँड नसतातच, नखांच्या जेलचे किंवा जंतू मारायचे युव्ही दिवे असतात, आणि जंतू मारायचा दिवा डोळ्यांना आणि कातडीला सरळ भाजतो. मॉडेल डॉक्टरांना दाखवून घ्या, पहिले डोस त्यांच्यासमोर द्या, गॉगल मुलांनाही आणि धरणाऱ्यालाही.

मग सरळ उन्हातच बसलं तर? फुकट आहे.

उन्हात डोस मोजता येत नाही हा मुद्दा. डॉक्टर काही वेळा सोरॅलेन लावून ठरावीक मिनिटं ऊन घ्यायला सांगतात, पण ते अगदी त्यांनी सांगितल्याबरहुकूम. स्वतःच बावचीचं तेल चोळून गच्चीवर बसलेल्यांना अंड्याएवढे फोड आलेले आहेत, आणि फोड म्हणजे इजा, इजा म्हणजे नवा डाग. कुणी आयुर्वेदिक वैद्यांकडे घेत असेल तरी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत हवं.

कॅन्सर होईल का? मुलांना, प्रेग्नन्सीत चालतं का?

पुव्हा खूप वर्षं घेतलेल्या गोऱ्या सोरायसिस पेशंटमध्ये स्किन कॅन्सर वाढलेला दिसला होता, त्यामुळे ती भीती आली. कोडासाठी नॅरोबँड घेतलेल्यांत आत्तापर्यंतच्या अभ्यासांत तसं वाढलेलं दिसलेलं नाही. तरी गरज नसताना वर्षानुवर्षं घेत राहायचं नाही, आणि चेहऱ्यावर डाग नसतील तर चेहरा झाकून घ्यायचा.

मुलांना चालतं. एकटं आत शांत उभं राहता आलं पाहिजे, डोळे झाकलेले ठेवता आले पाहिजेत, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांपासून पुढे. प्रेग्नन्सीत नॅरोबँड देता येतं, फॉलिक अॅसिड चालू ठेवतात, सोरॅलेन मात्र नाही. ल्युपस, म्हणजे इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटणारा एक वेगळा आजार, असेल तर लाइट नाही. आणि मधेच दुसऱ्या डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, तर लाइटच्या रूममध्ये सांगा, काही औषधांनी कातडी उजेडाला जास्त भाजते.

डाग भरभर पसरतायत, नुसत्या क्रीमवर थांबू?

नाही, लवकर दाखवा. पसरणं थांबवायला डॉक्टर आठवड्यातून फक्त दोन दिवस स्टिरॉइडची गोळी देतात, ही पद्धत आपल्याकडेच, दिल्लीच्या एम्समध्ये, पासरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवली. दोन दिवस म्हणजे दोनच दिवस.

रंग परत आला. आता सगळं बंद?

हळूहळू. पूर्ण बंद केल्यावर वर्षभरात साधारण ४० टक्के लोकांना डाग परत येताना दिसतो. एका फ्रेंच अभ्यासात भरलेल्या जागेवर आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहिल्यावर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आलं. आठवड्यातून दोनदा बोटाच्या पेराएवढं मलम, एवढ्याने इतका फरक पडत असेल तर ते सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

"सात दिवसांत कोड गायब" अशी जाहिरात बघितली, खरं का?

खोटं. आणि नुसतं खोटं नाही, १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत कोड आहे, म्हणजे कोड बरं करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. लग्न ठरायच्या वयातल्या मुलींच्या आईवडिलांना हे लोक बरोबर गाठतात, हजारो रुपये घेतात, आणि पुडीत काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

खर्च झेपत नाही, आणि मन लागत नाही कशात. काय करू?

सरकारी आणि पालिकेच्या मेडिकल कॉलेजांच्या स्किन ओपीडीत विचारा, ससून, केईएम, नायर अशा ठिकाणी किंवा तुमच्या जवळच्या कॉलेजात. खाजगीपेक्षा खूपच कमी पैशात होतं, रांग मात्र असते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन आहे, कोड असलेल्या माणसांचा स्वमदत गट, तिथे कोड असलेली माणसं भेटतात, बोलतात. ट्रीटमेंट चालू असताना डाग झाकायला कॅमोफ्लाज मेकअप वापरला तर त्यात काही गैर नाही, फक्त सेशनला येताना पूर्ण धुऊन या. आणि ज्यांना झाकायचं नाही, उपचारही करायचे नाहीत, त्यांचंही बरोबरच आहे, हा आजार जीवाला धोका करत नाही, उन्हात तेवढं डागांना जपायचं कारण ते लवकर भाजतात.

पहिल्यांदा दाखवायला जाताना काय नेऊ?

मोबाइलवर डागांचे फोटो, शक्यतो एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून, दर महिन्याला काढलेले, म्हणजे डाग वाढतोय की थांबलाय हे डॉक्टरांना दिसतं, आपल्या आठवणीवर त्यात भरवसा ठेवता येत नाही. थायरॉइडचे जुने रिपोर्ट असतील तर ते. आणि आतापर्यंत जी जी क्रीम लावलीत त्यांच्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत टाका, कारण नावं कुणाला आठवत नाहीत आणि आत स्टिरॉइड होतं का ते ट्यूब बघूनच कळतं.